आईला मार्क वाचून दाखवताना

पाळकसाहेब, मंडळी,

उपवासकाळातल्या या संध्याकाळी मला 'शुभवर्तमानावर मनन' असा विषय दिला आहे. मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तेवढीच शिदोरी. त्यामुळे आज सांगणार आहे ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या एका वाचनाबद्दल. तेही मी आपणहून केलेलं नाही, माझ्याकडून करवून घेतलं गेलं.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं साखर वाढली म्हणून पुढे गेलं. पवित्र शास्त्र तिला रोज लागायचं. भिंग घेऊन बसायची, पण दहा ओळींनंतर डोळ्यांतून पाणी. शेवटी म्हणाली, "तू वाच. मार्क घे. छोटं आहे, तुझा घसा टिकेल."

सोळाच अध्याय. एका बैठकीत मोठ्यानं वाचायचं म्हटलं तर दीडेक तास पुरतो. आम्ही अकरा संध्याकाळ घेतल्या, कारण आई मध्येच थांबवायची.

खरं सांगायचं तर येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्ककडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. नाताळची गव्हाण आणि मेंढपाळ लूकनं दिले, तारा आणि मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, मत्तयानं दिले. प्रभूची प्रार्थना मत्तयाची, पाठांतराची वचनं योहानाची. मार्कमध्ये येशूचा जन्मच नाही. हा माणूस एकदम मोठा होऊन नासरेथहून येतो आणि यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतो. डोंगरावरचं प्रवचनही मार्कमध्ये नाही. ना. वा. टिळकांना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं नवा करार दिला, आणि टिळक गुंतले ते मत्तयाच्या त्या प्रवचनात. त्या दिवशी त्यांच्या हाती नुसता मार्क पडला असता तर? असो, चावट विचार आहे.

पहिल्याच संध्याकाळी मी अडखळलो तो एका शब्दाशी. लगेच. लगेच आत्म्यानं त्याला रानात घालवलं. लगेच त्यांनी जाळी सोडून दिली. लगेच ते सभास्थानात गेले. मूळ ग्रीकमध्ये 'युथुस' हा शब्द या एवढ्याशा पुस्तकात चाळीसएक वेळा येतो. छापील मराठीत तो कधी 'तत्काळ', कधी 'लागलाच' असा वेगवेगळे कपडे घालून येतो, कधी गाळलेला असतो. मी शाळामास्तर, एकच शब्द पुन्हापुन्हा आला की लाल खूण करायची सवय. आई मात्र हसली. "याला कुठं गाडी पकडायचीय का?" म्हणाली.

त्या प्रश्नानं मी घरातली भाष्याची पुस्तकं काढली. त्यात आणखी एक गोष्ट कळली. मार्क गोष्ट सांगताना भूतकाळ सोडून मध्येच वर्तमानकाळात शिरतो. 'येशू म्हणाला' असं आपण वाचतो, तिथे त्यानं पुष्कळदा 'म्हणतो' लिहिलेलं आहे. आणि वाक्याची सुरुवात बहुतेक वेळा 'आणि'नं. आणि तो येतो, आणि तिचा हात धरतो, आणि तिला उठवतो. पंडितांना हे ग्रीक ओबडधोबड वाटत आलं आहे. मला ती आमच्या ओसरीवरची भाषा वाटली. आई विहिरीत पडलेल्या म्हशीची गोष्ट सांगायची ती अशीच: "आणि मी जाते, बघते तर काय, म्हैस खाली आणि तुझे आजोबा वर उभे!" घडून चाळीस वर्षं झाली तरी म्हैस अजून विहिरीतच.

मग मी छापील वाक्यं सोडली आणि तशी वाचायला लागलो. वादळाची गोष्ट आली. संध्याकाळ होते. तो म्हणतो, चला, पलीकडे जाऊ. होता तसाच त्याला होडीत घेतात. वारा सुटतो, लाटा आत येतात, होडी भरायला लागते. आणि तो मागच्या बाजूला उशीवर झोपलेला आहे.

ही उशी फक्त मार्कमध्ये आहे. मत्तय आणि लूक दोघांनी हे वादळ लिहिलं, उशी कुणीच ठेवली नाही. पाच हजारांना जेवू घालताना लोक 'हिरव्या' गवतावर बसले, तो हिरवा रंगही मार्कचाच. जन्मकथेला ज्याच्याकडे एक ओळ नाही, त्याच्याकडे उशीला जागा आहे! मी यावर काही गहन बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "दमला असेल. सकाळपासून बोलतोय." मी मागचं पान उलटलं. खरंच, पेरणाऱ्याचा दाखला, दिव्याचा, मोहरीच्या दाण्याचा, सगळे त्याच दिवशी, त्याच होडीत बसून सांगितलेले. हा चौथा अध्याय मी किती वर्षं तुकड्यातुकड्यांनी ऐकला होता, एका रविवारी दाखला आणि दुसऱ्या रविवारी वादळ. तो दिवस एकच आहे हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं.

आणि शिष्य त्याला उठवतात ते कसे? मत्तयात ते म्हणतात, प्रभू, वाचव. मार्कमध्ये म्हणतात, गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का? ही प्रार्थना नव्हे, तक्रार आहे. वडील आयसीयूमध्ये होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून मी जे काही पुटपुटलो ते याच जातीचं होतं. त्याची मला पुढे बरीच वर्षं लाज वाटत होती. मार्कनं ते वाक्य न सारवता ठेवलं आहे, हे मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं.

आता जरा आडवळणानं जातो. मराठीत आपल्याला 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावंच लागतं. ग्रीकला ती अडचण नाही, एका माणसाला एकच सर्वनाम. आमच्या घरी आईला 'अगं' आणि वडिलांना 'अहो दादा'. दादांना मी जन्मात कधी 'तू' म्हटलं नाही. पकडला जाण्याआधीच्या रात्री गेथशेमानेत येशू जमिनीवर पडून म्हणतो, "अब्बा, बापा, तुला सर्व शक्य आहे. हा प्याला माझ्यापासून दूर कर." अब्बा म्हणजे लहान लेकराचं 'पपा', असं प्रवचनांतून सांगतात. ते तितकंसं बरोबर नाही, मोठी माणसंही बापाला अब्बा म्हणत. मला वाचताना थांबवलं ते 'तुला' या शब्दानं. बापाला तू! तसा मी लहानपणापासून रोज 'तुझे नाव पवित्र मानले जावो' म्हणत आलो होतो, पण ते पाठ होतं, कानात शिरलं नव्हतं. माझ्या दादांना जे म्हणता आलं नाही, ते मराठीनं मला देवाला म्हणायला दिलं. विठ्ठलाला तू म्हणणाऱ्यांच्या भाषेत हे शुभवर्तमान आलं, त्यामुळे असेल.

बेथसैदाच्या आंधळ्याची संध्याकाळ मात्र आईची. ही गोष्टही एकट्या मार्कची. येशू आंधळ्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसताहेत, पण झाडांसारखी, चालणारी झाडं. मग येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा त्याला स्वच्छ दिसतं. दोनदा हात ठेवावा लागलेला दुसरा कुणी शुभवर्तमानांत नाही. भाष्यकार सांगतात की लगेच पुढे शिष्य पेत्र येशूला 'तू ख्रिस्त आहेस' म्हणतो आणि चार ओळींनी 'सैताना, माझ्या मागे हो' असं ऐकून घेतो. म्हणजे त्यालाही अर्धंच दिसत होतं. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पट्टी काढली तेव्हा मला डॉक्टर असाच दिसला. झाडासारखा. माझा दुसरा डोळा राहिलाय अजून."

पुढच्याच अध्यायात फेफऱ्यानं पछाडलेल्या मुलाचा बाप ओरडतो: माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. त्यावर मी आज बोलणार नाही. ते वाक्य मी वापरतो, एवढंच सांगतो.

शेवटची संध्याकाळ. सोळाव्या अध्यायाची आठवी ओळ आली आणि मी थांबलो. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत मोठ्या हस्तलिखितांत मार्क इथेच संपतो. पहाटे तिघी बाया कबरेकडे जातात, कबर उघडी, आत पांढऱ्या झग्यातला तरुण, तो म्हणतो तो उठला आहे, जा, सांगा. आणि त्या थरथरत पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. संपलं. त्यापुढच्या ओळी मागाहून जोडलेल्या आहेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. मी हे सगळं आईला सांगितलं आणि वाट पाहत बसलो की आता ती काहीतरी म्हणेल, पुनरुत्थानाबद्दल, नाहीतर त्यांच्या भीतीबद्दल.

तिनं विचारलं, "आणि त्यांनी आणलेली सुगंधी द्रव्यं?"

"काय?"

"विकत घेतली होती ना? अंगाला लावायला. अंगच नाही म्हटल्यावर ती काय केली? घरी नेली?"

मी पान चाळलं. लिहिलेलं नाही. आईनं मला मागे जायला लावलं, चौदाव्या अध्यायापर्यंत. बेथानीत एक बाई जटामांसीच्या तेलाची कुपी फोडून येशूच्या डोक्यावर ओतते. आपल्या उटण्यातली हीच जटामांसी, हिमालयातून तिकडे जायची. तीनशे दिनारांहून जास्त किमतीची, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. लोक तिला बोलतात. येशू म्हणतो, तिला सोडा, तिनं माझ्या पुरण्यासाठी आधीच तेल लावलं आहे. तिचं नाव मार्क देत नाही.

"म्हणजे तिनं लावलं तेवढंच लागलं त्याला," आई म्हणाली. "बाकीच्यांचं राहून गेलं."

मग तिनं मला दिवा मोठा करायला सांगितला, भिंग मागितलं, आणि ती ओळ स्वतः वाचून पाहिली.