डीएक्स सेव्हनची जवारी

तर मंडळी, हे टेबलावरचं धूड चौदा किलोचं आहे, रिक्षातनं आणताना कंबर गेली. आपल्या सांगलीत कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात, पण हा यामाहाचा डीएक्स सेव्हन, १९८३ ला आला. ऑर्केस्ट्रात मी हा दोन वर्षं वाजवला आणि खरं सांगतो, यात आवाज आपण बनवायचे असतात हे माझ्या गावीच नव्हतं. मेमरीत ३२ आवाज, बटण दाबायचं, वाजवायचं, एका इलेक्ट्रिक पियानोवर अख्खा सीझन काढला.

मग ऐन गणपतीत आतली बॅटरी गेली आणि मेमरी साफ. नवीन बॅटरी बसली पण आवाज कुठनं आणणार, मग बसलो शिकायला.

आवाज बनवायला यात नॉब नाहीत, एक स्लायडर आणि दोन ओळींची स्क्रीन. आत सहा ऑपरेटर, म्हणजे सूर काढणारे सहा भाग, प्रत्येकाचा आवाज शिट्टीसारखा गुळगुळीत. ते एकमेकांना कसे जोडायचे याचे ३२ नकाशे, त्यांना अल्गोरिदम म्हणतात. जो ऐकू येतो तो कॅरिअर, जो स्वतः गप्प राहून दुसऱ्याला हलवतो तो मॉड्युलेटर. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगना हे १९६७ ला सापडलं, व्हायब्रेटोशी, म्हणजे सूर वरखाली हलवण्याशी, खेळत होते, तो इतका फास्ट केला की सुराचं हलणं ऐकू येईना, आवाजाचा रंगच बदलला.

मला हे डोक्यात शिरलं मिरजेच्या सतारमेकर गल्लीत. तंबोऱ्याची तार तीच, सूर तोच, पण घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढली, ती बेतानं घासली आणि तारेखाली दोरा सरकवला की तोच सूर कसा भरून झणझणतो! म्हटलं, मॉड्युलेटरची लेव्हल म्हणजे हा दोराच की. (शास्त्र वेगळं आहे, ठाऊक आहे, भांडू नका.)

करून बघा. व्हॉइस इनिट केलं, म्हणजे आवाज कोरा केला, की नुसती शिट्टी उरते, ती ऑपरेटर एकची, तो कॅरिअर. आता ऑपरेटर दोनची, म्हणजे मॉड्युलेटरची, लेव्हल वाढवा, पन्नासपर्यंत फारसं काही नाही, सत्तरच्या पुढं धार येते, नव्याण्णवला पत्रा वाजतो. मग त्याचा रेशो बदला, म्हणजे तो कॅरिअरच्या किती पट वेगानं हलतो ते. एकला पेटीच्या जवळपास, दोनला क्लॅरिनेटसारखं पोकळ, कारण विषम हार्मोनिक्सच, म्हणजे मूळ सुराच्या एक, तीन, पाच पटीतले सूरच, उरतात. साडेतीनला हार्मोनिक्सचा मेळच बसत नाही म्हणून घंटा. आणि चौदा करून लेव्हल बेताची ठेवली, एन्व्हलप, म्हणजे वेळेनुसार चढउताराचा आराखडा, झटकन खाली आणलं की टिंग! अहो, माझ्या पियानोतला टिंग हाच, दोन वर्षं रोज वाजवत होतो आणि पत्ता नाही.

एन्व्हलपलाच पोरं कच्ची राहतात. कॅरिअरचं एन्व्हलप आवाज लहानमोठा करतं, मॉड्युलेटरचं मात्र आवाजाची धार कधी चढणार, कधी उतरणार ते ठरवतं. चार रेट, चार लेव्हल, कंटाळवाणं आहे पण सगळा जीव तिथंच. त्यात मॉड्युलेटरला व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याची जाण, दिली की जोरात दाबल्यावर आवाज नुसता मोठा होत नाही, चिडतो.

आणि तयार आवाज मिळाला की आधी उसवून बघा. एडिटमध्ये पहिली सहा बटणं म्हणजे सहा ऑपरेटर, एकेक बंद करत जायचं, स्क्रीनवर १ चा ० होतो. काय गेलं ते कानानं ओळखायचं, आकडे नंतर बघायचे, मी तसे वहीत उतरवून ठेवलेत, बॅटरीचा भरवसा कोण धरतोय. चला, कुणीतरी पुढं या बघू. चौथं बटण अडकतं, जरा जोरात दाबा.