खांबावरचा कॅमेरा आणि दीडशे शब्दांचा अर्ज

(दृश्य : सोलापूरचा सात रस्ता, सकाळची वर्दळ, सिग्नल लाल.)

सात रस्त्यावर सिग्नल लाल झाला की दुचाकीस्वार पाय टेकवतो आणि त्याची नजर खांबावरच्या कॅमेऱ्याकडे जाते. डोक्यावर हेल्मेट नसेल तर जरा जास्तच. कॅमेरा आहे, एवढे सर्वांना ठाऊक असते. मात्र तो नुसते चित्रण करतो की चेहराही ओळखतो, ते चित्रण किती दिवस ठेवले जाते आणि नियंत्रण कक्षाबाहेर ते कोणाच्या हाती जाऊ शकते, हे खांबाखाली उभे राहून कळत नाही.

गड्डा यात्रेच्या गर्दीत हरवलेले मूल शोधायचे असो किंवा नवी पेठेत हिसकावलेल्या मंगळसूत्राचा माग काढायचा असो, कॅमेऱ्याचा उपयोग कोणीही समंजस माणूस नाकारणार नाही. आमचा प्रश्न त्यामागच्या कागदांविषयी आहे : खरेदीचा आदेश, वापराची नियमावली, चित्रण पुसण्याची मुदत.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. शासनाला त्यात हात घालायचा असेल तर कायद्याचा आधार हवा, उचित हेतू हवा आणि हस्तक्षेप त्या हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी त्यातून पुढे आली. पण कोणते यंत्र कोणत्या कामासाठी चालवले जाते हेच कळले नाही, तर ही कसोटी नागरिकाने लावायची कशाला?

(दृश्य : टेबलावर कोरा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.)

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ प्रमाणे कामकाजाचे नियम, सूचना आणि अंदाजपत्रक यांसारखी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायची असते. ती तशी सापडली नाही, तर अर्ज करावा लागतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसणारा हवा. त्यामुळे कॅमेरे, ड्रोन आणि चेहरा ओळखणारी प्रणाली यांविषयी एकाच कागदावर विचारायला गेलात, तर अर्ज परत येण्याची शक्यता धरूनच चाला. मर्यादेचा एक फायदाही आहे, पाल्हाळ आपोआप गळून पडतो. ‘नियमावली आहे का?’ असे विचारल्यास ‘होय’ एवढेच उत्तर येऊ शकते. म्हणून ‘नियमावलीची प्रत मिळावी’ असे लिहावे.

नेमक्या प्रश्नातून काय हाती येते, याचे उदाहरण दिल्लीचे आहे. चेहरा ओळखण्याच्या प्रणालीत ८० टक्क्यांहून अधिक साम्य आढळले की चेहरा जुळला असे मानले जाते, हे दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारातील अर्जाच्या उत्तरातच कळवले. ८० हाच आकडा का, हा पुढचा प्रश्न तो हाती आल्यामुळेच विचारता आला.

तपासात अडथळा येईल अशी माहिती कलम ८ नुसार नाकारता येते, आणि ते योग्यच आहे. एखाद्या संशयितावर कोठून नजर ठेवली आहे, हे कोणी जाहीर करावे अशी अपेक्षा नाही. परंतु कलम १० प्रमाणे नाकारण्याजोगा भाग वगळून उरलेला कागद देता येतो. चित्रण किती दिवसांनी पुसले जाते, हे सांगितल्याने कोणता तपास अडतो, ते समजत नाही. पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निर्णयात चित्रण १८ महिने जपावे असे सांगितले, आणि ही मुदत कोणालाही वाचता येते. न्यूयॉर्कमध्ये २०२० च्या कायद्यानुसार पोलिसांना नवे पाळत-तंत्रज्ञान वापरण्याच्या ९० दिवस आधी त्याच्या वापराच्या धोरणाचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात.

(दृश्य : आवक विभागाची खिडकी.)

उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर प्रथम अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करता येते आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाचे पुणे खंडपीठ आहे. तिथवरची वाट लांबची, हे ती चाललेला प्रत्येक अर्जदार सांगेल. आज मात्र काम एवढेच आहे की अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. कर्मचारी शिक्का मारतो, तारीख टाकतो आणि प्रत खिडकीतून बाहेर सरकवतो. उत्तरासाठीचे तीस दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात.