नोंद सापडते कशी : संदर्भग्रंथांची रचना आणि सूची

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘संदर्भग्रंथ’ असा जाहीर झाला आहे, आणि तो इतका पसरट आहे की शब्दकोशापासून वनस्पतिकोशापर्यंत आणि चरित्रकोशापासून लॉगॅरिथमच्या कोष्टकांपर्यंत काहीही त्यात बसते. म्हणून आरंभीच मी त्याला कुंपण घालून घेतो. या ग्रंथांत काय असते यावर मी फारसे बोलणार नाही. जे असते ते वाचकाच्या हाती कसे लागते, एवढ्यावरच बोलेन. कादंबरी पहिल्या पानापासून वाचली जाते. कोशात मात्र वाचक मधूनच कुठेतरी शिरतो, हवे ते थोडक्या वेळात मिळाले नाही तर पुस्तक मिटतो, आणि मग ती माहिती त्या पुस्तकात असून नसल्यासारखीच होते. ग्रंथकाराने वर्षानुवर्षे खपून जमवलेली सामग्री वाया जाण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि आपल्याकडे तो फार वापरला गेला आहे, असे माझे मत आहे.

ही अडचण फार जुनी आहे. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सन ७७च्या सुमारास आपला ‘नॅचरालिस हिस्तोरिया’ (निसर्गाचा इतिहास) हा प्रचंड ग्रंथ तीतुस या रोमन सम्राटपुत्राला अर्पण केला. त्याचे भाग ३७ असून, अर्पणपत्रिका सोडली तर, पहिला भाग जवळजवळ संपूर्णपणे पुढच्या ३६ भागांत काय कुठे आहे ते सांगण्यात खर्ची पडला आहे. सगळा ग्रंथ वाचण्याची गरज कोणाला पडू नये, ज्याला जे हवे त्याने ते नेमके शोधावे, असा हेतू त्याने स्वतःच नोंदवला आहे. ग्रंथ तेव्हा गुंडाळ्यांवर लिहिले जात आणि पृष्ठांक ही गोष्ट अस्तित्वात नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पहिल्या भागाचे मोल कळते. ‘अमुक भागात आहे’ इतकेच तो सांगू शकत होता. पुढचा शोध वाचकाने गुंडाळी उलगडत घ्यायचा.

आपल्या परंपरेत हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला गेला, कारण येथे ग्रंथ उघडण्यापेक्षा आठवण्याची रीत होती. अमरसिंहाचा अमरकोश हा संस्कृत शब्दकोश अनुष्टुभ छंदात आहे आणि त्याची मांडणी विषयवार आहे : स्वर्गवर्ग, व्योमवर्ग, दिग्वर्ग, कालवर्ग असे करत तो पाताळ आणि नरकापर्यंत उतरतो, पाण्यापाशी पहिले कांड संपवतो आणि दुसऱ्या कांडात भूमी, नगरे, पर्वत, वनौषधी, पशुपक्षी यांच्याकडे वळतो. पाठ केलेल्या माणसाला हा क्रम पुरेसा असतो. तो वनौषधिवर्गात ज्या श्लोकापाशी हवे तिथे थांबू शकतो.

मात्र अमरसिंहालाही एका ठिकाणी हा क्रम सोडावा लागला, आणि मला ती जागा सगळ्या कोशात सर्वांत उद्बोधक वाटते. तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग आहे. ज्या शब्दांना अनेक अर्थ आहेत ते तिथे आले आहेत. ‘हरि’ हा शब्द घ्या. तो विष्णू आहे, सिंह आहे, माकड आहे, सूर्यही आहे. त्याला स्वर्गवर्गात ठेवावे की पशूंच्या वर्गात? कुठेही ठेवले तरी तो उरलेल्या अर्थांना मुकतो. तेव्हा अमरसिंहाने विषय बाजूला ठेवला आणि हे शब्द शेवटच्या व्यंजनानुसार लावले : आधी क शेवटी असलेले, मग ख शेवटी असलेले, आणि असेच पुढे. वस्तू जोवर एकाच खणात बसते तोवर विषयवार रचना चालते. ती दोन खणांत बसू लागली की अक्षराला शरण जावे लागते. पुढे मेदिनीकोश या दुसऱ्या संस्कृत कोशाने अनेकार्थी शब्दांसाठी हीच अंत्याक्षराची रीत स्वीकारली.

गंमत अशी की याच रस्त्यावर १८५२मध्ये पीटर रोजे हा इंग्रज कोशकार पुन्हा येऊन उभा राहिला. त्याचा ‘थिसॉरस’ शब्दांना कल्पनांच्या वर्गांत लावतो, आणि प्रस्तावनेत अशा रचनेच्या पूर्वसूरींचा विचार करताना तो अमरकोशाचा आणि कोलब्रुकने १८०८मध्ये सेरामपूरहून काढलेल्या त्याच्या इंग्रजी आवृत्तीचा उल्लेख करतो. रोजेने आपली वर्गवारी फार मन लावून केली होती. वाचकांनी ती कौतुकाने मान्य केली आणि वापरली मात्र ग्रंथाच्या शेवटची अकारविल्हे सूची. आजही तो ग्रंथ पुढून उघडणारा माणूस विरळा.

वर्णक्रम ही आज आपल्याला इतकी स्वाभाविक गोष्ट वाटते की तो एक निर्णय आहे हे आपण विसरतो. वर्णक्रमाने लावलेल्या कोशात देवाशेजारी देवमासा येतो आणि राजाच्या आधी रताळे येते. ज्यांना ज्ञान म्हणजे एक चढती पायऱ्यांची रचना वाटत होती त्यांना हा शेजार असह्य वाटे, आणि त्यात त्यांचे काही चुकत होते असे मला वाटत नाही. चीनमध्ये १४०८मध्ये पूर्ण झालेला योंगल विश्वकोश ११,०९५ खंडांचा होता आणि त्याची मांडणी यमकानुसार होती. म्हणजे अक्षरमाला नसलेल्या लिपीतही संपादकांना अर्थाऐवजी ध्वनीचाच आधार घ्यावा लागला. फ्रान्समध्ये दिदरो आणि दालांबेर यांनी १७५१पासून विश्वकोश काढायला घेतला तेव्हा वर्णक्रम पत्करला, पण त्याने तुटलेले धागे त्यांनी ‘अमुक पाहा’ अशा निर्देशांनी पुन्हा जोडले. नरभक्षकांविषयीच्या नोंदीच्या शेवटी त्यांनी वाचकाला ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानून भाकर खाण्याच्या, विधीची नोंद पाहायला पाठवले. नोंदीत आक्षेपार्ह असे काहीच नव्हते. जे म्हणायचे होते ते सगळे त्या निर्देशाने सांगून टाकले.

मराठीत श्रीधर व्यंकटेश केतकरांपुढे हाच पेच होता, आणि त्यांनी तो आपल्या स्वभावाला साजेल असा सोडवला. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ भाग आहेत. त्यांतले पहिले पाच वर्णक्रमाने नाहीतच. ते प्रस्तावनाखंड आहेत आणि त्यांत हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास अशी सलग मांडणी आहे. ‘अ’ सुरू होतो तो सहाव्या भागात. वर्णक्रम ज्ञानाचे तुकडे करणार हे केतकरांना ठाऊक होते, म्हणून तुकडे करण्याआधी त्यांनी अख्खी वस्तू वाचकाला एकदा दाखवून घेतली. पाच भागांची प्रस्तावना हा अतिरेक आहे, असे म्हणणारे म्हणोत. मला तो अतिरेक आवडतो. त्याच केतकरांनी शेवटाकडचा बाविसावा भाग सूचीला दिला, म्हणजे आत शिरण्याच्या दोन्ही वाटा त्यांनी बांधून ठेवल्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६मध्ये निघाला, पण परिभाषासंग्रह त्याच्या आधी, १९७३मध्येच आला होता. शीर्षक कोणत्या शब्दाने द्यायचे हे ठरल्याशिवाय नोंद वर्णक्रमात कुठे पडणार हेच ठरत नाही, त्यामुळे हा क्रम मला सयुक्तिक वाटतो.

मराठी वर्णक्रम ठरलेला आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी कधी सूची केलेली नाही. शाळेत आपण ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असे म्हणत शेवट करतो. त्या हिशोबाने ‘क्षत्रिय’ शेवटाला जाईल. संस्कृत कोशांत मात्र क्ष म्हणजे क आणि ष यांचे जोडाक्षर, म्हणून ‘क्षत्रिय’ ‘क’च्या पोटात सापडतो आणि ‘ज्ञान’ ‘ज’च्या. अनुस्वाराचा गोंधळ याहून मोठा. ‘अंक’ हा ‘अकबर’च्या आधी घ्यायचा, की अनुस्वार म्हणजे ङ असे धरून बराच पुढे न्यायचा? संगणकाला हे काम सोपवले तर तो आपल्या परंपरेला विचारत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संकेतात, ळ हा ल आणि व यांच्या मधोमध बसवलेला आहे आणि अनुस्वाराचा क्रमांक ‘अ’च्याही आधीचा आहे. केवळ त्या क्रमांकांवर विसंबून यादी लावली की ळ आपल्या शाळेतल्या जागेवरून उठून भलतीकडे जाऊन बसतो. यांपैकी कोणतीही पद्धत चालेल. पण संपादकाने आपण कोणती पाळली हे सूचीच्या डोक्यावर दोन ओळींत सांगायला हवे, आणि हे सांगणारी पुस्तके बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

सूचीवाचून चालेल असे वाटण्याचा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे. ब्रिटानिका विश्वकोशाची पंधरावी आवृत्ती १९७४मध्ये नव्या रचनेत आली : लहान नोंदींचे दहा खंड, दीर्घ लेखांचे एकोणीस आणि सगळ्या ज्ञानाचा आराखडा देणारा एक. छोट्या नोंदीच सूचीचे काम करतील अशी कल्पना होती, म्हणून वेगळी सूची दिली नव्हती. वाचकांनी, विशेषतः ग्रंथपालांनी, याबद्दल बरीच तक्रार केली आणि १९८५मध्ये दोन खंडांची सूची परत आली. इतक्या हुशार माणसांच्या हातून हे घडले, याचे मला अजून नवल वाटते.

आता माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, कारण सूची म्हणजे नेमके काय काम असते हे कारकुनीच्या पातळीवर उतरल्याशिवाय कळत नाही. जुन्या काळच्या पाणीपुरवठ्यावरील एका ग्रंथाची सूची करून देण्याचे मी कबूल केले होते. लेखकाने चौथ्या प्रकरणात ‘बारव’ हा शब्द वापरला होता, सातव्यात ‘पायविहीर’, आणि नवव्यात नुसतेच ‘पायऱ्या उतरून जेथे पाण्यापर्यंत जाता येते अशी विहीर’. वस्तू एकच, किंवा निदान लेखकाच्या मनात एकच. नवव्या प्रकरणातल्या त्या पानावर शोधण्याजोगा शब्दच नाही. सूचिकाराने तिथे वाचून, समजून, ‘बारव’ या नोंदीत तो पृष्ठांक घालायचा आणि ‘पायविहीर’पुढे ‘पाहा : बारव’ असे लिहायचे. मग पुष्करणी? तिला वेगळी ठेवावी की बारवेखाली उपनोंद करावी? लेखकाला फोन करून विचारले तर त्यांनी अर्धा तास मला समजावले आणि शेवटी ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ असे म्हटले. मी वेगळी ठेवली.

तेव्हा मी कार्डांवर काम करत असे. एका कार्डावर एक शीर्षशब्द, खाली पृष्ठांक, आणि खोक्यात वर्णक्रमाने उभी लावलेली कार्डे. एक कार्ड चुकीच्या जागी खोचले गेले की ते हरवल्यातच जमा असते. ‘वेबस्टर’ या अमेरिकी इंग्रजी शब्दकोशाच्या १९३४च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ नावाचा एक शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. असा शब्द इंग्रजीत नाही. ‘D or d’ (‘डी ऑर डी’), म्हणजे मोठ्या वा लहान लिपीतला ‘डी’, हे घनतेचे संक्षिप्त रूप आहे, अशी एक चिठ्ठी संक्षेपांच्या ढिगाऐवजी शब्दांच्या ढिगात गेली आणि ती अक्षरे एकत्र वाचली गेली. १९३९पर्यंत हे कोणाच्या लक्षात आले नाही. ही हकिकत वाचली की मला माझ्या खोक्याची आठवण होते आणि थोडा दिलासाही मिळतो.

माझी सूची पूर्ण झाली, आणि शेवटच्या मुद्रितात प्रकाशकाने तिसऱ्या प्रकरणात दोन पाने चित्रे वाढवली. कोणी कळवले नाही. तिसऱ्या प्रकरणानंतरचा प्रत्येक पृष्ठांक दोनने चुकला. प्रस्तावनेच्या पानांना ‘पाच, सहा, सात’ असे अक्षरी आकडे का देतात हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले : प्रस्तावना कितीही लांबली तरी मुख्य ग्रंथाचे आकडे हलत नाहीत. प्रकाशकाला ही खबरदारी प्रस्तावनेपुरती ठाऊक होती.

आता संगणकात शोध घेता येतो, मग सूची कशाला, असे मला नेहमी विचारले जाते. त्याच ग्रंथाच्या मजकुरात ‘आड’ शोधून पाहा. आडनाव, आडोसा, आडवा, आडकाठी हे सगळे समोर येईल. ‘मोट’ शोधली तर मोटार सापडते. आणि नवव्या प्रकरणातली ती पायऱ्यांची विहीर, जिच्यासाठी वाचक आला होता, ती काही केल्या सापडणार नाही, कारण शोधयंत्र लिहिलेला शब्द शोधते आणि तिथे तो शब्द लिहिलेलाच नाही. जुन्या छपाईच्या पुस्तकांची पाने यंत्राने वाचून घेतली असतील तर जोडाक्षरे भलतीच उमटतात, तो त्रास वेगळा.

तरीही माझ्या सूचीत एक चूक राहिली, आणि ती यंत्राने केली नसती. जमिनीखालून जाणाऱ्या नळांवर हवा मोकळी होण्यासाठी आणि आत उतरण्यासाठी मधेमधे जी बांधकामे उभारत त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. लेखकाने त्यांचे वर्णन नळांच्या प्रकरणात केले होते, म्हणून मी ते ‘नळ, भूमिगत’ याखाली उपनोंद म्हणून घातले आणि पुढे गेलो. पुस्तक निघाल्यावर एका वाचकाचे पत्र आले. त्यांनी शेतात उभे असलेले असे एक बांधकाम पाहिले होते, त्याला काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हते, आणि ते ‘मनोरा’, ‘खांब’, ‘बुरूज’ असे सगळे शब्द माझ्या सूचीत शोधून थकले होते. अखेरीस त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढले. दुसऱ्या आवृत्तीत ‘उच्छ्वास’ ही नोंद ‘उ’खाली स्वतंत्रपणे आहे, आणि ‘म’मध्ये ‘मनोरा – पाहा : उच्छ्वास’ अशी एक ओळ आहे. लेखकाने ती छापण्याला हरकत घेतली होती, कारण पुस्तकात मनोरा हा शब्द एकदाही आलेला नाही.