शुगर वर-खाली झाली की चष्म्याचा नंबर का बदलतो?

नमस्कार. पन्नाशीतल्या माणसाला अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला की घरात कौतुक होतं, 'बघा, नंबर गेला!' मी म्हणेन, आधी शुगर तपासून घ्या.

आपल्या डोळ्यातल्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या पुढे जे पाणी असतं, त्यातूनच त्याला साखर मिळते, आणि ही साखर आत शिरायला इन्सुलिन लागत नाही. म्हणजे रक्तात साखर वाढली की भिंगातही वाढते. जास्तीच्या साखरेचं तिथे सॉर्बिटॉल बनतं. ते सहजासहजी बाहेर पडत नाही आणि पाणी आत ओढून घेतं. मिठातल्या कैरीचं नेमकं उलटं: तिथे पाणी बाहेर येतं, इथे आत शिरतं. भिंग फुगतं आणि बहुतेकदा नंबर मायनसकडे सरकतो. लांबचं धूसर, जवळचं स्पष्ट.

गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू झालं की उलटा प्रकार होतो. शुगर झपाट्याने उतरते, आणि आता जवळचं दिसेना! अनेकांना वाटतं, औषधाने डोळे बिघडवले. कृपा करून औषध बंद करू नका. भिंग पूर्वपदावर यायला काही आठवडे लागतात, कधी महिना-दीड महिना. तोवर महागडा चष्मा करू नका. शुगर स्थिरावली की मगच नंबर काढा.

हा बदल तात्पुरता असतो. मोतीबिंदूचं तसं नाही. भिंगातल्या प्रथिनांना वर्षानुवर्षं साखर चिकटत राहते, ती गढूळ होतात, आणि ती प्रथिनं शरीर बदलून देत नाही. म्हणून मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो. टाइप वन असलेल्या तरुण मुलांत क्वचित तो काही आठवड्यांतही वाढतो. कुठलाही थेंब तो विरघळवत नाही, उपाय ऑपरेशनच.

आणि 'पिकू दे, मग काढू' हे मधुमेह्यांनी तर मुळीच करू नये. भिंग फार गढूळ झालं की डॉक्टरांना मागचा पडदा दिसत नाही, आणि मधुमेहाचा मोठा घाव तिथेच बसतो. टाइप टू असेल तर निदान झाल्याबरोबर आणि पुढे साधारण दरवर्षी पडदा तपासून घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबत कुणाला तरी न्या. परत येताना स्कूटर त्यांना चालवू द्या.