ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे

[दृश्य: सकाळ. कोल्हापूरबाहेरचा माळ. डावीकडे उसाचा फड, समोर ओढा, ओढ्यापलीकडे झेंडा.]

इथून झेंडा 210 यार्डांवर. ओढा 175 ला सुरू होतो, 190 ला संपतो. गोल्फचं पार पाचचं होल आहे, म्हणजे पाच फटक्यांत चेंडू झेंड्याखालच्या खड्ड्यात जायला हवा. पहिला फटका झकास बसलाय, आता दुसरा. आणि मागून आवाज आलाच: "बघतोस काय भावा, हाण की!"

या गावाचा पिंड निकाली कुस्तीचा. शाहू महाराजांनी उभ्या केलेल्या खासबागेत पाठ मातीला लागल्याशिवाय कुणाचं मन भरत नाही. त्यामुळे ओढ्याच्या अलीकडे थांबणारा इथं भित्रा ठरतो. गोल्फमध्ये मात्र छाती मोजून भागत नाही, चेंडू मोजावे लागतात.

[दृश्य: थ्री-वूड, म्हणजे लांब फटक्याची काठी. गवतावर रांगेनं मांडलेले दहा चेंडू.]

मोजायचे कसे, ते नीट बघा. चेंडू गवतावरच ठेवलेत, टी, म्हणजे चेंडू उंच ठेवायची छोटी खुंटी, लावलेली नाही. टीवरून थ्री-वूड छान उडतो, पण दुसऱ्या फटक्याला टी मिळत नाही. चेंडू पहिल्यांदा जिथं टेकतो तेवढंच अंतर धरायचं. पुढं घरंगळत गेला ते मोजायचं नाही, कारण पाण्यावरून कुणी घरंगळत नाही. आणि आयुष्यातला सगळ्यात लांब फटका विसरून जायचा. बहुतेकांचा घोटाळा तिथंच होतो. एकदा 205 गेला होता, म्हणून 205 हेच आपलं अंतर, असं डोक्यात बसतं.

निशाणा झेंड्याच्या उजवीकडे. डावीकडे मैदानाची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या खुंट्या आहेत, त्यापलीकडे ऊस. तिकडे चेंडू गेला की एक दंड, वर त्याच जागेवरून पुन्हा मारायचं.

[दृश्य: चेंडू एकामागून एक. पाण्यावर उठणारी वलयं.]

दहापैकी चार पार. सहा ओढ्यात.

आता कागद घ्या. पार गेलेला चेंडू ग्रीनजवळ, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ पडतो. तिथून कधी दोन फटके लागतात, कधी तीन. म्हणजे होल सरासरी साडेचारात. पाण्यात गेला तर एक दंड, ओढ्याची हद्द दाखवणाऱ्या पिवळ्या खुंट्यांमागे चेंडू टाकून चौथा फटका ग्रीनवर आणि दोन पट, म्हणजे ग्रीनवरून खड्ड्याकडे ढकलायचे दोन हलके फटके: एकूण सहा. चार वेळा साडेचार, सहा वेळा सहा. बेरीज 54.

दुसरा मार्ग ले-अपचा, म्हणजे मुद्दाम अलीकडे थांबायचा. आठ नंबरचा आयर्न, म्हणजे लोखंडी काठी, 120 यार्ड. झेंडा उरतो 90 वर. तिथून हाच खेळाडू वेजनं, म्हणजे जवळच्या उंच फटक्याच्या काठीनं, दहापैकी सात चेंडू ग्रीनवर ठेवतो. त्या सातांत एखादा एका पटमध्ये आत जातो, तो चार. बाकीचे सहा पाचात, ग्रीन चुकलेले तीन सहात. बेरीज 52.

दहा फेऱ्यांत दोन फटक्यांचा फरक. थोडा वाटतो ना? पण पाहा, दहापैकी सहा चेंडू पार जायला लागले की जुगाराची बेरीज 51 वर येते. मग अलीकडे थांबणं हाच तोट्याचा सौदा. सबुरी नेहमीच शहाणपणाची असते असं आम्ही म्हणत नाही. ज्याचे सहा जातात त्यानं मारलंच पाहिजे, आणि बिनधास्त मारलं पाहिजे.

[दृश्य: चेंडूचा जवळून शॉट. मागे वाळकं गवत.]

आकडा रोज बदलतो. चेंडू बघा कसा बसलाय. काठी आणि चेंडूच्या मध्ये गवत आलं की फिरकी कमी पडते आणि चेंडू अंदाजापेक्षा लांब सुटतो, ग्रीनवर थांबत नाही. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर तो डावीकडे, म्हणजे उसाकडे वळतो. एप्रिलमध्ये ही जमीन दगडासारखी कडक, टप्पा पडून चेंडू वीस-वीस यार्ड पळतो. जुलैत तोच चेंडू चिखलात रुततो. म्हणून ले-अप ओढ्याच्या काठाशी नेऊ नका. काठाला गेलं की वेजचा अर्धा झोका उरतो, आणि नवख्याच्या हातून अर्ध्या झोक्यातच माती आधी लागते.

आणि सामना कसला आहे? मॅच प्लेमध्ये कोण किती होल जिंकतो ते मोजतात. आठ फटके लागले तरी एकच होल जातं, तिथं धोका स्वस्त. स्ट्रोक प्लेमध्ये सगळ्या फटक्यांची बेरीज होते, तिथं प्रत्येक थेंबाचा हिशेब. 1999 च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टीला शेवटच्या होलवर गोल्फपटू जाँ व्हान द वेल्डला जिंकायला सहा फटके पुरत होते. त्याला सात लागले, आणि प्लेऑफमध्ये विजेतेपद गेलं. याच्या उलट बाजूही आहे. 2025 च्या मास्टर्समध्ये रॉरी मॅकिलरॉयनं तेराव्या होलवर सावध ले-अप केला आणि शंभर यार्डांच्या आतून चेंडू ओढ्यात घातला. पंधराव्यावर त्यानंच दोनशेहून जास्त यार्डांवरून झाडाला वळसा घालून सात नंबरचा आयर्न झेंड्याजवळ नेला. सावध फटकाही नीट मारावा लागतो. काठी हातात घेतल्यावर मन बदललं की दोन्ही फटके बिघडतात. ठरवायचं ते बॅगेजवळच.

[दृश्य: संध्याकाळ. झेंडा आपल्याकडे फडफडतोय.]

पन्हाळ्याच्या बाजूनं वारा सुटलाय. समोरून ताशी दहा मैलांचा वारा म्हणजे साधारण एका काठीचं अंतर कमी. सकाळचे चार आता दोनावर आले.

थ्री-वूड बॅगेत परत. आठ नंबरचा आयर्न बाहेर. वाऱ्यामुळे 110 वरच पडला, झेंडा उरला 100 वर. वेजनं ग्रीन. दोन पट. पाच.

[दृश्य: ओढा. निवेदन नाही.]