मानेची गाठ काढल्यानंतर श्वास आणि रक्तदाब का बिघडतो?

नमस्कार. सिन्नर, दिंडोरी, कळवणहून मानेच्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी नाशिकला येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांचे लक्ष बहुधा टाक्यांकडे असते. पहिल्या चोवीस तासांत मात्र श्वासाकडे पाहणे जास्त गरजेचे असते.

गाठ थायरॉइडची असो वा दुसरी, आत रक्तस्राव झाला तर मानेच्या अरुंद जागेत दाब वाढून श्वासमार्ग आवळला जातो. मान फुगणे, गिळता न येणे, आवाज बदलणे, श्वास घेताना घरघर होणे, रुग्णाने एकाएकी बेचैन होऊन उठून बसणे, यांतले काहीही दिसले तर ताबडतोब नर्सला बोलवा. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन 98 दिसतो म्हणून थांबू नका, कारण तो आकडा फार उशिरा खाली येतो. अशा वेळी डॉक्टर खाटेवरच टाके उघडतात. ते पाहून नातेवाईक हादरतात, पण त्यानेच जीव वाचतो.

रक्तदाबाचा प्रश्न मुख्यतः कॅरोटिड बॉडीच्या गाठीत येतो. मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी जबड्याखाली जिथे दुभंगते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा हा अवयव रक्तातील ऑक्सिजनवर नजर ठेवतो आणि त्याला लागूनच असलेल्या धमनीच्या भिंतीतील चेतातंतू रक्तदाब मोजत असतात. श्वासाच्या नियंत्रणातील या यंत्रणेचे कार्य उलगडणाऱ्या कोर्नेय हेमान्स यांना 1938 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका बाजूची गाठ काढली, तर दुसरी बाजू बहुधा सांभाळून घेते. दोन्ही बाजूंची काढली, मग मध्ये काही वर्षे गेलेली असली तरी, रक्तदाबाचा लगाम सुटू शकतो. वेदनेने, रागाने, कधी नुसत्या बोलण्याने वरचा आकडा 200 च्या पुढे जातो, डोके ठणकते, घाम फुटतो, छाती धडधडते. आणि झोपेत तोच दाब बराच खाली येतो. म्हणून एकच वाढलेला आकडा पाहून घरी गोळी वाढवणे मला फार धोक्याचे वाटते. दिवसातून अनेकदा दाब मोजून, वेळेसह वहीत लिहून ती वही डॉक्टरांना दाखवा.

अशा रुग्णाला ऑक्सिजन कमी झाल्यावरही धाप लागेलच असे नाही. मॉर्फिनसारखी वेदनाशामके किंवा झोपेची औषधे देण्यापूर्वी, तसेच पुढच्या कोणत्याही भुलेपूर्वी, मानेच्या दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा आणि डिस्चार्ज कार्डावर बाजू स्पष्ट लिहून घ्या.