बातमीची वर्गणी

(दृश्य: मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. लोखंडी मांडण्या, काचेची जमीन.)

बडोद्यातल्या या लायब्ररीत आपण काचेवर चालतो. वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपावा म्हणून ही जाड काच बसवलेली. 1910 साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन हा ग्रंथपाल बोलावला, आणि संस्थानभर वाचनालयं उभी राहू लागली.

मला मात्र काचेपेक्षा हिशेबाची वही मोठी वाटते. वाचनालय हवं असेल तर आधी गावानं वर्गणी काढायची. तेवढेच पैसे प्रांत पंचायत (संस्थानातली जिल्ह्याची पंचायत) घालणार, तेवढेच सरकार. गावानं हात आखडला तर दरबारही गप्प. पहिला रुपया वाचकाचा. हाच हिशेब मला बातमीला लावून पाहायचाय.

(दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. दारात पेपर पडतो.)

आजोबांच्या या छापील पेपरवर जीएसटी शून्य. नातीनं मोबाइलवर बातम्यांच्या साइटची वर्गणी भरली, तर 18 टक्के. जाहिरातीचंही तेच: कागदावरच्या जागेला 5, पडद्यावरच्या जागेला 18. शाई नाही, एवढाच गुन्हा!

पत्रकारितेला सरकारी मदत म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. सरकारी जाहिरात देणारा हात ती थांबवूही शकतो. कॅनडानं 2023 मध्ये मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी बातम्यांचे पैसे वृत्तसंस्थांना मोजावेत असा कायदा केला. मेटानं तिथल्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढून टाकल्या. त्याच देशाची दुसरी युक्ती मला बडोद्याच्या जवळची वाटते. 2020 ते 2024 या काळात डिजिटल बातम्यांची वर्गणी भरणाऱ्याला 15 टक्के करसवलत होती, वर्षाला जास्तीत जास्त 75 डॉलर. रक्कम किरकोळ, पण निवड वाचकाची. पात्र संस्थांची यादी मात्र करखात्याकडे. तिथं पाल चुकचुकते.

(दृश्य: विश्वामित्री नदीचा पूल.)

समजा, चार तरुण पोरं बडोद्याच्या बातम्यांची साइट चालवतात. पाचशे वाचकांनी दोनशे-दोनशे रुपये भरले, लाख झाले. दुसरा लाख राज्यानं घालावा. तिसरा? प्रांत पंचायतीच्या जागी महापालिका बसवावी, असं कुणी म्हणेल. पण ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री घराघरांत शिरली. पाणी का शिरलं, हे ज्यानं महापालिकेला विचारायचं, त्यानंच चेकसाठी तिच्या खिडकीशी रांग लावायची? त्यापेक्षा दोनच हिस्से ठेवा. वाचकांच्या पावत्या मोजा, आणि कुणाची सही न लागता राज्याचा हिस्सा खात्यात पडू द्या.